मज्जारज्जूची इजा आणि लपवलेली ओळख
अमेरिकेतील समलिंगी व पारलिंगी माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेचा आढावा

पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूला गंभीर इजा झाली, की इजेच्या जागेखालील शरीराचा मेंदूशी असलेला संपर्क तुटतो. इजा कमरेच्या वर झाली तर पाय लुळे पडतात, मानेपाशी झाली तर हातही जातात आणि मानेच्या अगदी वरच्या मणक्यांपाशी झाली तर श्वासही यंत्राच्या आधाराने घ्यावा लागतो. बाहेरून दिसते ते हे. त्याखेरीज लघवी व शौचावरील ताबा, त्वचेची संवेदना, रक्तदाबाचे नियमन आणि लैंगिक क्षमता यांवर होणारे परिणाम बाहेरून दिसत नाहीत, आणि रुग्णाचे पुढचे सारे आयुष्य प्रामुख्याने त्यांनीच व्यापलेले असते.

म्हणूनच या रुग्णाला स्वतःविषयी फारसे काही लपवता येत नाही. दिवसातून चार-सहा वेळा लघवीची नळी घालणे, शौचाची ठरलेली दिनचर्या पाळणे, शय्याव्रण होऊ नयेत म्हणून अंग तपासणे या गोष्टी अनेकांच्या बाबतीत दुसऱ्याच्या हातून होतात. घरी कोण आहे, रात्री कूस कोण बदलते, लैंगिक संबंध आहेत का, असल्यास कोणते, हे प्रश्न डॉक्टरांना विचारावेच लागतात. उलट ज्या सैनिकाने आपण समलिंगी, उभयलिंगी किंवा पारलिंगी (ट्रान्सजेंडर) आहोत ही गोष्ट नोकरी टिकवण्यासाठी वर्षानुवर्षे दडवली, त्याला नेमके याच प्रश्नांना उत्तर न देण्याचे वळण पडलेले असते. अमेरिकेत या दोन गोष्टी एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतात तेव्हा काय घडते, याचा हा आढावा.

उपचारपद्धतीचा उगम

पहिल्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जूची इजा म्हणजे मृत्यूच समजला जाई. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि शय्याव्रण यांमुळे बहुतेक जखमी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. दुसऱ्या महायुद्धात हे चित्र पालटले. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे १९४४ मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र विभाग सुरू झाला. अमेरिकेत बोस्टनचे डॉ. डोनाल्ड मनरो व कॅलिफोर्नियातील डॉ. अर्नेस्ट बोर्स यांनी याच दिशेने काम केले. १९४६ मध्ये जखमी सैनिकांनीच 'पॅरलाइज्ड व्हेटरन्स ऑफ अमेरिका' ही संघटना उभारली. १९५० चा 'द मेन' हा मार्लन ब्रँडो यांची भूमिका असलेला चित्रपट अशाच सैनिकांच्या जीवनावर आधारलेला होता.

आपल्याकडे खडकीचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून अशा जवानांचा आधार ठरले आहे. १९६५ च्या युद्धात पाठीच्या कण्यापाशी गोळी रुतूनही १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक मिळवणारे सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर मराठी वाचकांना परिचित आहेतच. त्या स्पर्धांचे मूळही गुटमन यांनी १९४८ मध्ये स्टोक मँडव्हिल येथे भरवलेल्या खेळांत आहे.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या आरोग्याची जबाबदारी 'डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स' या सरकारी खात्याकडे आहे. बोलण्यात सर्वजण त्याला 'व्हीए' म्हणतात. मज्जारज्जूच्या उपचारांसाठी व्हीएची सुमारे पंचवीस मुख्य केंद्रे असून लाँग बीच, पालो आल्टो, टॅम्पा, रिचमंड, मिनिआपोलिस ही त्यांतील काही होत. इतर रुग्णालयांतील लहान पथके या केंद्रांशी जोडलेली असतात. रुग्णाला दरवर्षी सर्वांगीण तपासणीची सोय मिळते. व्हीलचेअर, घरातील फेरबदल, खास बनावटीची मोटार आणि घरी येणारा मदतनीस यांसाठीही साहाय्य मिळू शकते. विशेष म्हणजे इजा युद्धातच झालेली असली पाहिजे अशी अट मुख्य उपचारांसाठी नाही. सेवेनंतर पन्नाशीत मोटार अपघातात मान मोडलेला माजी सैनिकही पात्र असेल तर येथे दाखल होऊ शकतो. अडचण येते ती या 'पात्र असेल तर' या शब्दांत.

निळा कागद

ही पात्रता ठरते ती सैनिकाला सेवेतून कोणत्या शेऱ्यासह मुक्त केले त्यावरून. दुसऱ्या महायुद्धात समलिंगी असल्याच्या संशयावरून अनेकांना 'ब्लू डिस्चार्ज' देण्यात आला. हा दाखला निळ्या कागदावर छापलेला असे. तो ना सन्मानपूर्वक मुक्ततेचा होता ना बडतर्फीचा. १९४१ ते १९४५ या काळात असे सुमारे ४८ हजार दाखले दिले गेले आणि त्यांतील सुमारे ९ हजार समलिंगी असण्याच्या कारणावरून होते, असे मानले जाते. कायद्याने केवळ बडतर्फ सैनिकांचे लाभ रोखले होते, तरीही त्या वेळच्या 'व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशन'ने १९४५ मध्ये सूचना काढून या मंडळींनाही लाभ नाकारले. निळा दाखला १९४७ मध्ये बंद झाला. मात्र समलिंगी सैनिकांना प्रतिकूल शेऱ्यासह काढण्याची प्रथा पुढेही चालू राहिली.

१९८२ मध्ये समलैंगिकता ही लष्करी सेवेशी विसंगत आहे, असे संरक्षण खात्याने लेखी धोरण केले. १९९३ मध्ये तडजोड म्हणून 'डोन्ट आस्क, डोन्ट टेल' हा नियम आला. कोणी विचारायचे नाही आणि कोणी सांगायचेही नाही, असा त्याचा अर्थ. या नियमाखाली १३ हजारांहून अधिक सैनिक सेवेबाहेर गेले. २० सप्टेंबर २०११ रोजी तो रद्द झाला. दुसऱ्या महायुद्धापासून तोपर्यंत सुमारे एक लाख सैनिकांना लैंगिकतेच्या कारणावरून काढण्यात आले असावे, असा अंदाज आहे.

या इतिहासातील एक तपशील आरोग्यसेवेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. सैनिकाने लष्करी डॉक्टरला विश्वासाने सांगितलेली गोष्टही त्याच्याविरुद्ध वापरली जाऊ शकत होती. डॉक्टर, वकील व धर्मगुरू यांना दिलेली खासगी माहिती अशा कारवाईसाठी वापरण्यावर संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी निर्बंध आणले ते मार्च २०१० मध्ये, म्हणजे नियम रद्द होण्याच्या केवळ दीड वर्ष आधी. तोवर पिढ्यान्‌पिढ्या सैनिकांनी डॉक्टरसमोर गप्प राहण्याचा धडा गिरवला होता. व्हीए हे लष्करापासून वेगळे खाते आहे. पण साठी-सत्तरीच्या माजी सैनिकाला तो फरक जाणवतोच असे नाही. रुग्णालय सरकारी, कागद सरकारी, म्हणजे सावध राहिलेले बरे, अशीच त्याची समजूत असते.

मौनाची वैद्यकीय किंमत

हे मौन केवळ मानसिक ताणापुरते राहिले असते, तर तो निराळा विषय झाला असता. मज्जारज्जूच्या रुग्णाच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकते.

छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा झालेल्या रुग्णांना 'ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया' नावाचा धोका असतो. तुंबलेले मूत्राशय, साचलेला मळ, घट्ट कपडा, व्रण अशा कोणत्याही कारणाने संवेदनाहीन भागातून उत्तेजना मिळाली, की रक्तदाब एकाएकी भयंकर वाढतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. कारण लगेच दूर केले नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. लैंगिक क्रिया, विशेषतः गुदमार्गाशी संबंधित, हेही याचे एक कारण असू शकते. संवेदना नसल्यामुळे तेथील इजा कळतही नाही. रुग्णांना द्यायच्या सूचना पती-पत्नीलाच डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेल्या असतील, तर समलिंगी पुरुषाला हवी असलेली सावधगिरी त्यांत सापडत नाही, आणि तो स्वतःहून ती विचारत नाही.

अशा प्रसंगी रक्तदाब उतरवण्यासाठी नायट्रोग्लिसरीनचे मलम लावण्याची पद्धत आहे. पण रुग्णाने आदल्या चोवीस तासांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा या नावाने ओळखली जाणारी गोळी घेतली असेल, तर हेच मलम रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली आणते. काही पुरुष हुंगून घेतात ती 'पॉपर्स' ही द्रव्येही नायट्राइटच असतात आणि या गोळीबरोबर तितकीच घातक ठरतात. म्हणून मलम लावण्यापूर्वी परिचारिकेने विचारणे आणि रुग्णाने खरे सांगणे या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. कागदोपत्री अविवाहित, एकटा अशी नोंद असलेला वयस्क रुग्ण अशी गोळी कशाला घेईल, असे परिचारिकेने गृहीत धरले, किंवा संबंध उघड होईल म्हणून रुग्णाने नकार दिला, तर औषधच घात करते.

एचआयव्हीच्या प्रतिबंधाचेही तसेच आहे. त्यासाठी रोज घ्यावयाच्या टेनोफोविरयुक्त गोळ्यांमुळे मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते. एरवी हे काम रक्तातील क्रिएटिनीनवरून होते. मज्जारज्जूच्या रुग्णाचे स्नायू आक्रसलेले असल्याने त्याचे क्रिएटिनीन मुळातच कमी दिसते, त्यामुळे मूत्रपिंड बिघडत असतानाही अहवाल चांगला येऊ शकतो. मूत्राशयाच्या दोषामुळे या रुग्णांची मूत्रपिंडे आधीच नाजूक असतात. तेव्हा गोळ्या देणारा डॉक्टर आणि मज्जारज्जूचा डॉक्टर यांना एकमेकांचे उपचार ठाऊक असलेच पाहिजेत.

स्त्रियांची अडचण निराळी. मज्जारज्जूची इजा झालेल्या माजी सैनिकांत त्या संख्येने थोड्या आणि समलिंगी स्त्रिया त्याहून थोड्या. व्हीलचेअरवरून तपासणीच्या टेबलावर जाणे हेच जिकिरीचे असते, आणि आंतरतपासणीमुळेही रक्तदाब उसळू शकतो. त्यात तिचे पुरुषाशी संबंध नाहीत हे कळल्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी अनावश्यक ठरवण्याची चूक होते. वस्तुतः या कर्करोगास कारणीभूत असलेला विषाणू स्त्रीकडून स्त्रीलाही जाऊ शकतो, आणि चाचणीची गरज तिलाही असते.

पारलिंगी रुग्णांच्या बाबतीत उपचारांची गुंतागुंत अधिक आहे. इजेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पायांच्या नीलांत रक्ताच्या गाठी होण्याचा मोठा धोका असतो आणि इस्ट्रोजेनमुळे तो आणखी वाढू शकतो. दुसरीकडे पक्षाघाताने हाडे ठिसूळ होत असल्याने संप्रेरके एकदम तोडणेही हिताचे नसते. जननेंद्रियांवर शस्त्रक्रिया झालेली असेल तर मूत्रमार्गाची रचना बदललेली असते आणि नळी घालण्याची पद्धत नव्याने शिकावी लागते. ज्या परिचारिकेला हे आधी सांगितलेले नाही, तिला ते रुग्णाला उघडे केल्यावरच कळते. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर काय उमटते, ते पुढच्या खेपेला रुग्ण परत येणार की नाही हे ठरवते.

जोडीदार कोण?

मानेची इजा झालेला, श्वासनलिकेत नळी असलेला रुग्ण बोलू शकत नाही. अशा वेळी निर्णय कोणी घ्यायचा याचा क्रम व्हीएच्या नियमांत दिलेला आहे. प्रथम रुग्णाने लेखी नेमलेला प्रतिनिधी, नंतर कायदेशीर पालक, त्यानंतर पती वा पत्नी, मुले, आईवडील, भावंडे, आजीआजोबा, नातवंडे आणि सर्वांत शेवटी जवळचा मित्र. समलिंगी विवाहाला मान्यता नव्हती तोपर्यंत वीस-पंचवीस वर्षे एकत्र राहिलेला जोडीदार या यादीत शेवटच्या पायरीवर, म्हणजे 'जवळचा मित्र' म्हणून उभा होता. ज्या भावाने संबंध तोडले त्याचा अधिकार त्याच्या आधी होता. यावर उपाय एकच, आगाऊ लेखी नेमणूक करण्याचा. पण त्यासाठी त्या व्यक्तीचे नाव सरकारी कागदावर लिहावे लागे, आणि सैनिकाने आयुष्यभर नेमके तेच टाळलेले असे.

२६ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'विंडसर' खटल्यात केंद्रीय कायद्यातील विवाहाची संकुचित व्याख्या रद्द ठरवली. २६ जून २०१५ रोजी 'ओबर्गफेल' निकालाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता मिळाली. त्यानंतर पती किंवा पत्नी या नात्याने मिळणारे लाभ या जोडप्यांनाही खुले झाले. घरी शुश्रूषा करणाऱ्यांना साहाय्य देणारा २०१० चा कायदा मात्र सुरुवातीपासूनच थोडा उदार होता. रुग्णाबरोबर कायम राहणारी व्यक्ती नात्यातली नसली तरी त्याखाली पात्र ठरू शकत होती.

अपत्याच्या प्रश्नात हा भेद अधिक काळ टिकला. मज्जारज्जूची इजा झालेल्या पुरुषांपैकी बहुतेकांना नैसर्गिक रीतीने अपत्यप्राप्ती होत नाही आणि वैद्यकीय मदत घ्यावी लागते. १९९२ च्या कायद्याने व्हीएला प्रयोगशाळेतील गर्भधारणेचा उपचार करण्यास मनाई होती. २०१६ मध्ये ती सेवाजन्य इजांपुरती शिथिल झाली, पण जोडपे विवाहित असावे आणि बीजे त्यांचीच असावीत, अशा अटी राहिल्या. त्यामुळे समलिंगी जोडपी आपोआप वगळली गेली. मार्च २०२४ मध्ये व्हीएने अविवाहितांना व समलिंगी जोडप्यांनाही हा उपचार देण्याचे आणि दात्याची बीजे स्वीकारण्याचे जाहीर केले. सरोगसी मात्र त्यात नव्हती. म्हणजे स्त्री जोडप्यांना दार उघडले तरी दोन पुरुषांच्या जोडप्याची मुख्य अडचण तशीच राहिली.

धोरणांची ये-जा

व्हीएने पारलिंगी रुग्णांना सन्मानाने सेवा देण्याविषयीचा पहिला देशव्यापी आदेश जून २०११ मध्ये काढला. २०१६ मध्ये प्रत्येक रुग्णालयात एलजीबीटी रुग्णांसाठी समन्वयक नेमण्याची तरतूद झाली. जानेवारी २०२२ मध्ये रुग्णाच्या नोंदपत्रात लिंगभावाची नोंद करण्याची सोय करण्यात आली. केवळ लैंगिकता, लिंगभाव किंवा एचआयव्ही यांमुळे प्रतिकूल शेरा मिळालेल्यांना लाभ द्यावेत, असे स्पष्टीकरण २० सप्टेंबर २०२१ रोजी, म्हणजे 'डोन्ट आस्क, डोन्ट टेल' रद्द झाल्याच्या दहाव्या वर्धापनदिनी देण्यात आले. जून २०२४ मध्ये अध्यक्ष जो बायडेन यांनी जुन्या लष्करी कलमाखाली समलिंगी संबंधांबद्दल दोषी ठरलेल्यांना माफी दिली.

पुढच्याच वर्षी वारे फिरले. १७ मार्च २०२५ रोजी व्हीएने पारलिंगी व्यक्तींवरील लिंगविसंगतीचे उपचार टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले आणि त्याविषयीचा आधीचा आदेश मागे घेतला. आधीपासून व्हीएकडून किंवा लष्कराकडून संप्रेरके मिळत असलेल्यांना ती चालू ठेवण्याची मुभा राहिली. इतर आजारांवरील सेवाही चालू राहील, असे सांगण्यात आले. तरीही ज्याने धीर करून आपली ओळख नोंदपत्रात लिहून घेतली, त्याच्या मनात जुनी शंका पुन्हा जागी होणे स्वाभाविक आहे. धोरण एका आदेशाने बदलते. डॉक्टरवरचा विश्वास मात्र एका आदेशाने बसत नाही आणि एकदा उडाला की लवकर परतत नाही.

मज्जारज्जूच्या रुग्णाला रुग्णालय बदलण्याचे स्वातंत्र्यही फारसे नसते. हृदयविकाराचा रुग्ण दुसरा डॉक्टर गाठू शकतो. पण या रोगाची तज्ज्ञ केंद्रे मोजकी, शेकडो मैलांवरची, आणि वर्षानुवर्षे तेच डॉक्टर, त्याच परिचारिका, तोच वॉर्ड. तेथे अपमान झाला तर रुग्ण वार्षिक तपासणीच टाळतो. मग लहानसा व्रण हाडापर्यंत पोहोचतो आणि मूत्रपिंडाचा बिघाड उशिरा कळतो. उलट एखादा डॉक्टर सहजपणे 'तुमची काळजी घेणारे घरी कोण आहे?' असे विचारतो, 'पत्नी आहे का?' असे विचारत नाही. एवढ्या फरकानेही उत्तराला वाट मिळते.

आपल्याकडे

भारतात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. त्यानंतर जानेवारी २०१९ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी लष्करात हे चालू देणार नाही, असे स्पष्ट केले होते. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला. त्यामुळे रुग्णशय्येजवळच्या जोडीदाराला पती वा पत्नी म्हणून अधिकार मिळण्याचा मार्ग येथे खुला झालेला नाही.

मज्जारज्जूची इजा सैनिकांपुरती मर्यादित नाही. रस्त्यावरचे अपघात, झाडावरून किंवा बांधकामावरून पडणे, विहिरीत सूर मारणे यांमुळे आपल्याकडेही तरुणांच्या माना आणि पाठी मोडतात. त्यांच्यापैकी काही समलिंगी किंवा पारलिंगी असणारच. अमेरिकेच्या अनुभवातून आपल्या रुग्णालयांना घेण्यासारख्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. रुग्णाला एकांतात विचारावे, काहीही गृहीत धरू नये, औषध देण्यापूर्वी खासगी औषधांची चौकशी करताना ती का करतो आहोत हे सांगावे, सुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला नातेवाईकाइतक्याच आस्थेने नळी घालण्याचे व अंग तपासण्याचे शिक्षण द्यावे, आणि रुग्णाने सांगितलेले गुपित वॉर्डात चर्चेचा विषय होऊ देऊ नये. आपला देह रोज दुसऱ्याच्या हाती सोपवणाऱ्या माणसाला निदान ते हात निवडण्याचा आणि त्यांच्याशी मोकळेपणाने बोलण्याचा अधिकार असला पाहिजे. त्याच्या प्रकृतीच्या दृष्टीनेही ते तितकेच आवश्यक आहे.